हरवली म्हणून नोंदवलेली कादंबरी

आमच्या गावच्या वाचनालयातली एक जुनी, जाडजूड कादंबरी काही वर्षांपूर्वी हरवली, अशी तिथल्या रजिस्टरात नोंद आहे. नोंदीपुढे माझ्या बायकोची सही आहे. कादंबरी हरवली नव्हती. ती मी चोरली होती, माझ्याच घरातून, आईच्या खोलीतल्या ट्रंकेवरून. कापडी पिशवीत घातली, पिशवी डब्याच्या बॅगेत घातली आणि नेहमीच्या एस.टी.ने ऑफिसला गेलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता पन्नाशी उलटली. सांगायचं ठरवलं आहे, तर सगळंच सांगतो.

मी मोजणी खात्यात आहे. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दीच्या खुणा दाखवायच्या, हे काम. दोन सख्खे भाऊ बांधावर उभे राहून आपापल्या मुलाबाळांची शपथ घेतात आणि दोघेही खोटं बोलत असतात, असं मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की समोरचा काही बोलला की आधी मनातल्या मनात त्यातलं वजा करायचं, ही सवयच लागून गेली. ऑफिसात या सवयीला हुशारी म्हणतात. घरी तिला काय म्हणायचं हे मला कळायला उशीर झाला.

आमचं गाव बेलापूरच्या पलीकडे, प्रवरेच्या काठाला. घरात तेव्हा आम्ही तिघं होतो. मुलगी पुण्याला शिकायला. आई खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर. आणि बायको. मी सकाळी आठला निघायचो, संध्याकाळी सातला परत. आल्यावर जेवण, बातम्या, झोप. आमचं भांडण असं फार होत नसे. भांडायला बोलावं लागतं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि मी घरात दिवसाला किती वाक्यं बोलतो हे तिनं एकदा बोटांवर मोजून दाखवलं होतं. हसत दाखवलं होतं, पण दुसरा हात लागला नव्हता.

ती बारावी झालेली. वाचायची आवड माहेरापासूनची. वाचनालयाची वर्गणी माझ्या नावावर होती, पुस्तकं ती आणायची. जुन्या कादंबऱ्या तिला आवडत. ज्यांच्यात नवरा बाहेरख्याली तरी असतो, नाहीतर संशयी तरी, आणि बायको मात्र शेवटपर्यंत त्याच्या नावानं कुंकू लावत असते, त्या. आमच्या वाचनालयात असल्या कादंबऱ्यांची दोन कपाटं भरलेली आहेत. कपाटांपेक्षा मजेदार असतात त्यांचे समास. आमच्याकडे पुस्तकाच्या समासात लिहायची जुनी खोड आहे. ‘नायिका मूर्ख आहे.’ ‘लेखकाला घरी कोणी विचारत नसावे.’ ‘पान ११२ कोणी फाडले? त्याचे वाईट होवो.’ ग्रंथपाल रबर घेऊन बसतो, पेन्सिलीचं खोडतो, शाईचं तसंच राहतं. तीस-चाळीस वर्षांतले वाचक एकाच पानावर एकमेकांच्या शेजारी बोलत असतात.

सुरुवात शेजारणीनं केली. म्हणजे तिनं काही केलं नाही, ती सहज बोलली. मी एस.टी.तून उतरून येत होतो, ती म्हशीला पाणी दाखवून परत चालली होती.

“काय साहेब, दुपारचं तुमच्याकडं लई हसू चालतं. आमालाबी बोलवत जा की कवा.”

“कोण हसतंय?”

“आता मला काय म्हाईत? दार लोटलेलं असतंय.” आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारून ती गेली.

आमच्या घरात दुपारी हसण्यासारखं काय असेल, याचा मी जेवताना विचार केला. बायकोला विचारलं, “दुपारी काय करतेस?”

“काय करणार? आत्याबाईंना भरवायचं, अंग पुसायचं, मग जरा टेकते.” ती भाकरी थापत होती. मागे वळून बघितलं नाही.

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. हसण्याचं काही ती बोलली नाही, एवढंच शिल्लक राहिलं.

पुढच्या आठवड्यात एका मोजणीला पोलीस बंदोबस्त मिळाला नाही म्हणून मोजणी रद्द झाली. मी दुपारी चारला घरी आलो. बायको दळणाला गेली होती. आई झोपलेली. आईच्या ट्रंकेवर, घडी घातलेल्या लुगड्यांच्या मागे, कापडात गुंडाळलेलं पुस्तक होतं. आईला अक्षर येत नव्हतं. तेव्हा हे पुस्तक बायकोचं आणि ही तिची लपवायची जागा, असा हिशेब मी लगेच केला. मी ते उघडलं. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, आणि अक्षर माझ्या बायकोचं होतं. बावीस वर्षं किराणा मालाच्या याद्या त्याच अक्षरात माझ्या खिशात असत.

एका पानावर होतं, ‘पहारा ठेवणाऱ्या माणसाबरोबर राहू नये.’

काही पानांनी, ‘मी असते तर कधीच निघून गेले असते. गेले नाही, हीच चूक झाली.’

मग, ‘मूल लहान होते म्हणून राहिले. आता मूल मोठे झाले.’

आणि या शेवटच्या वाक्याच्या खाली, निळ्या शाईत, दुसऱ्याच कुणाच्या वळणदार अक्षरात, ‘घाई करू नये. शेवटपर्यंत धीर धरावा.’

मी पुस्तक होतं तसं गुंडाळून ठेवलं. बायको दळण घेऊन आली तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. “आज लवकर?” ती म्हणाली. मी म्हणालो, “मोजणी रद्द झाली.” त्यापुढे मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर हे लिहावं लागलं नसतं. पण विचारणं म्हणजे समोरच्याला तयारीची संधी देणं, असं मी कामावर शिकलो होतो. आधी गुपचूप पाहणी करायची, मग नोटीस काढायची.

तर मी पाहणी सुरू केली. ती आंघोळीला गेली की तिचा मोबाईल बघायचो. त्यात माहेरचा ग्रुप, मुलीचे मेसेज, गॅसवाल्याचा नंबर. काही सापडलं नाही याचा अर्थ ती पुसून टाकते, असा मी घेतला. पुस्तकाची मुदत दर पंधरा दिवसांनी वाढवून घ्यायला ती वाचनालयात जायची, तो वार मी हेरला. रजा टाकली आणि घरी न सांगता वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळत बसलो. सातबाऱ्याच्या एका जुन्या जाहीर नोटिशीसाठी आलोय, असं ग्रंथपालाला सांगितलं. त्यानं माझ्यासाठी चहा मागवला.

हा ग्रंथपाल बाहेरगावचा, साधारण माझ्याच वयाचा, विधुर. पगार नावापुरता. दिवसभर खळ आणि कापडाच्या पट्ट्या घेऊन फाटकी पुस्तकं शिवत बसायचा. बायको आली तसा तो खुर्चीतून उठून उभा राहिला. माझ्यासाठी तो उठला नव्हता.

“कुठवर आलं, ताई?” त्यानं विचारलं.

“छळ काही संपत नाही अजून.” ती म्हणाली आणि हसली. तसं हसलेलं मी घरी पाहिलं नव्हतं.

“संपेल. अजून शंभरेक पानं आहेत.”

त्यानं शिक्का मारला. पुस्तक दोन्ही हातांनी दिलं. तीन मिनिटं लागली असतील. मी मागच्या दारानं बाहेर पडलो. ‘ताई’ हा शब्द मी ऐकला होता. तोही मी वजा केला.

आता या पुढचं सांगायला मला जड जातं. आमच्या वाचनालयाच्या समितीवर एक वजनदार गृहस्थ होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या उसाच्या रानाची मोजणी त्याच महिन्यात माझ्याकडे आली. काम झाल्यावर बांधावर बसून भेळ खाताना त्यांनी मला विचारलं, “बाकी गावात काय? आमचं वाचनालय कसं चाललंय?”

“चांगलं चाललंय,” मी म्हणालो. “फक्त बायकांनी जरा जपून जावं म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“म्हणतात.”

अण्णांनी भेळेचा कागद चुरगाळला. “तुमच्या घरून येतात ना पुस्तकाला?”

“आता बंद करतोय.”

मी एवढंच बोललो. कुणाचं नाव घेतलं नाही, कुठला आरोप केला नाही, सही तर नाहीच नाही. ‘आता बंद करतोय’ या तीन शब्दांत मी माझ्या बायकोला त्या माणसाच्या शेजारी नेऊन उभं केलं, हे मला त्या क्षणी कळत होतं. अण्णांच्या चेहऱ्यावर ते पोचलेलं मी पाहिलं. आणि मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर तेही लिहिलं पाहिजे.

दोन दिवसांनी सकाळी मी ती कादंबरी उचलली आणि ऑफिसच्या माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवली. पुरावा म्हणून.

बायकोनं दोन दिवस घर उलटंपालटं केलं. धान्याच्या कोठ्या, गाद्या, अगदी सरपणाची खोली.

“अहो, आत्याबाईंच्या खोलीत एक पुस्तक होतं. तुम्ही कुठं पाहिलं का?”

“कुठलं पुस्तक?”

“जुनं. जाड. वाचनालयाचं.”

“मी कशाला घेऊ?”

तिनं माझ्याकडे बघितलं. “घेतलं असं कुठं म्हणाले मी?” आणि आत गेली.

तिला शोधताना बघून माझी खात्री पक्की होत होती. एका पुस्तकासाठी इतकं कासावीस कोण होतं? मी दुपारच्या सुट्टीत कपाट उघडून ती कादंबरी वाचायला लागलो. आधी फक्त समास वाचत होतो, त्यांच्यात आणखी काय लिहिलंय ते शोधत. मग समासातलं कळायला कथा वाचणं भाग पडलं. एका लहानशा संस्थानातला अधिकारी. त्याच्या कानावर बायकोबद्दल काहीतरी येतं. तो तिला बोलत नाही, विचारत नाही, माडीवरच्या एका खोलीत ठेवतो आणि दाराशी म्हातारी मोलकरीण बसवतो. वर्षानुवर्षं ती बाई त्या खोलीत त्याच्यासाठी उपास करते. तिच्यावरचा आळ खोटा आहे हे वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असतं. मी डबा खाता खाता वाचायचो, आणि एका ठिकाणी, ती खिडकीतून त्याच्या घोड्याच्या टापा ओळखते तिथं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शिपायानं विचारलं, “साहेब, मिरचीचा ठेचा हाय का डब्यात?” मी हो म्हणालो.

अशा बायका आता राहिल्या नाहीत, असंही मी तेव्हा मनाशी म्हणालो. त्या कादंबरीतल्या नवऱ्याचा मला राग येत होता. एका बाईच्या शब्दावर विश्वास ठेवायला या माणसाला काय होतंय, असं मला वाटत होतं. आणि संध्याकाळी घरी जाऊन मी माझ्या बायकोच्या चपलांना कुठली माती लागली आहे ते बघत होतो.

महिनाभरात ग्रंथपाल गेला. कम्प्युटर येणारा माणूस पाहिजे, असं कारण समितीनं दिलं. गावानं आपलं आपण कारण शोधलं. बायका वाचनालयात जाईनाशा झाल्या. आमच्या गल्लीतल्या हळदीकुंकवाला माझी बायको गेली तर चार जणींचं बोलणं थांबलं, असं ती एकदा म्हणाली. मी बातम्यांचा आवाज वाढवला.

मग एका रविवारी तिच्या माहेरी लग्न होतं. ती सकाळी गेली. आईला भरवायचं काम माझ्याकडे आलं. मी वरण-भात कालवून खाटेशी बसलो. आईचं माहेर खर्ड्याकडचं, कोरडवाहू रानातलं. इतकी वर्षं इकडे राहूनही तिची बोली तिकडचीच होती.

दोन घास झाले आणि ती म्हणाली, “ती पोथी घावली का रं?”

“कुठली पोथी?”

“तुझी बायकू वाचायची ती. त्या कोंडलेल्या बाईची. तिच्यात माझं बोलनं हाय.”

मी घास हातात तसाच धरून बसलो. “तुझं कसलं बोलणं?”

आई हसली. “रोज दुपारी वाचायची ती मला. लई हसायचो आमी. ती बाई उपास धरायची, अन् मी म्हनायची, अगं भवाने, जेव आदी. मग तुझ्या बायकूनं दाखवलं, मान्सं कडंला लिवत्यात म्हनून. शिकलेली मान्सं लिवत्यात. म्हनलं मग माझंबी लिव्ह की. मला का तोंड न्हाई? ती म्हनली, सांगा आत्याबाई, तुमी म्हनाल तसं लिवते. म्हनलं तसं नगं, शिकल्यावानी नीट करून लिव्ह. नाहीतर लोक म्हनतील अडानी हाय.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुझ्या बापाचं निघायचं ना त्यात. तुझ्या कानावर कशाला घालायचं? मीच म्हनलं तिला, बोलू नगं.”

माझे वडील गावात मानाचे होते. त्यांचा फोटो बैठकीत आहे, त्याला मी रोज हार घालतो. त्या दिवशी वरण-भात गार होईस्तोवर आईनं जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकत होतो. वडील बाजाराला निघाले की दारापुढच्या फुफाट्यावर बाभळीची फांदी ओढून जात. परत आल्यावर वाकून बघत, कुणाची पावलं उमटली आहेत का. त्यात आईची पावलं असली तरी ती कुठं गेली होती हे सांगावं लागे. शेजारीण मीठ मागायला येऊन गेली तर तिला बोलावून आणून तिचं पाऊल त्या ठशावर ठेवायला लावलं होतं एकदा. मला ते फांदी ओढणं आठवत होतं. बाप जाण्याआधी अंगण साफ करून जातो, असं मला लहानपणी वाटायचं. मी शाळेतल्या निबंधात तसं लिहिलंही होतं.

“मग तू राहिलीस कशी?” मी विचारलं.

“जाऊ कुठं? दिवाळी झाली की माझं भाव ऊस तोडाया जायाचे, बायकापोरं घिऊन. पाचटाच्या कोपीत चार मान्सं पडायची तिथं मी पाचवी? अन् तू काखेत.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “लोक म्हनायचे, लई गुनाची हाय, नवरा असा अन् तरी हूं का चूं न्हाई. हूं का चूं करून जागा कुठं हुती?”

मग तिनं पुन्हा विचारलं, “घावली का न्हाई पोथी? फुडं काय झालं त्या बाईचं?”

मी म्हणालो, “बघतो.”

सोमवारी कपाट उघडून मी ती पानं पुन्हा वाचली. आता प्रत्येक ओळीतून आईचा आवाज ऐकू येत होता. ‘हिने आधी जेवावे’ हे तिचं होतं. ‘हिला माहेर नाही का?’ हेही. आणि निळ्या शाईतलं ते ‘घाई करू नये’? मी पान उजेडात धरलं. शाई पाठच्या बाजूला फुटून पिवळी पडली होती. ‘धरावा’ मधल्या शेवटच्या ‘वा’ची उजवी बाजू कापलेली होती, म्हणजे नव्या बांधणीच्या वेळी कडा कापल्या त्याच्या आधीचं ते लिखाण होतं. कुणीतरी, कदाचित आमच्या लग्नाआधी, पुढच्या वाचकांना सांगून ठेवलं होतं की कादंबरी मध्येच सोडू नका. नकाशावरची शाई जुनी की नंतर कुणी घुसडलेली, हे बघणं माझं रोजचं काम. त्यावर माझी बढती झाली होती. या एका पानावर मी ते बघितलं नव्हतं, कारण मला जे सापडायला हवं होतं ते सापडलं होतं.

त्याच संध्याकाळी पुस्तक घरी न्यायला हवं होतं. सांगायला निमित्तही होतं. सापडलं कुठेतरी, म्हणता आलं असतं. पण कुठे? मी ते पिशवीत घालायचो आणि परत कपाटात ठेवायचो. घरी नेलं तर बायको विचारणार, मग अण्णांशी काय बोललो ते निघणार, मग ग्रंथपाल. एक खुंटी उपटली की सगळी हद्द हलणार, या भीतीनं मी तीन आठवडे काढले. आई रोज विचारत नव्हती. एक-दोनदाच विचारलं. नंतर विचारायची थांबली. मला वाटलं, विसरली.

चौथ्या आठवड्यात आई गेली.

तेरावा झाला, पाहुणे गेले, भांडी मोजून परत देऊन झाली. बायको ओट्यावर लसूण सोलत बसली होती. दुपार होती. मी तिथंच पेपर घेऊन बसलो होतो.

“पुस्तक अजून तुमच्या कपाटात आहे का?” तिनं विचारलं. मान वर केली नाही.

मी पेपर खाली केला. आईच्या औषधाच्या कागदावर सही हवी म्हणून ती एकदा ऑफिसात आली होती, मी फिल्डवर होतो, आणि शिपायानं माझा चष्मा घरी पाठवायला म्हणून त्याच्याकडच्या किल्लीनं कपाट उघडलं होतं, एवढं तिनं सांगितलं. म्हणजे आई असतानाच तिला कळलं होतं. तोवर ती वाचनालयात जाऊन ‘माझ्या हातून हरवलं’ असं लिहून देऊन आली होती. नव्या माणसानं विचारलं, “घरात कुणी घेतलं नाही ना?” त्यावर ती “घरात कुणी वाचत नाही,” म्हणाली होती. कपाट बघितल्यावरही ती नोंद तिनं बदलली नाही.

“मग मागितलं का नाहीस?”

“तुम्ही द्याल म्हणून वाट बघितली.”

लसणाची सालं वाऱ्यानं ओट्यावर पसरत होती. बायको ती गोळा करत राहिली.

“वाचलंत का तुम्ही? शेवट?”

“हो.”

“काय होतं?”

मी सांगितलं. नवरा आजारी पडतो, त्याला सत्य कळतं, तो तिची क्षमा मागतो. ती त्याच्या पायांवर डोकं ठेवते आणि म्हणते, माझंच काही चुकलं असेल.

“हां,” ती म्हणाली. “मला वाटलंच. मी आत्याबाईंना वेगळा सांगितला.”

आईनं तिच्याकडे हट्ट धरला होता. मग तिनं शेवट दुसरीकडे वाचून आल्याची थाप मारली होती. एका पहाटे मोलकरणीला डुलकी लागते, बाई मुलाला घेऊन माडी उतरते, दुसऱ्या गावी जाते आणि तिथं खानावळ काढते. आईनं बारीकसारीक चौकशी केली होती. खानावळीत भाकरी कशाची, गिऱ्हाईक किती, नवरा शोधत येतो का. येतो, असं हिनं सांगितलं. जेवून जातो आणि त्याला ती ओळखूच येत नाही, कारण त्यानं तिच्याकडे कधी नीट बघितलेलंच नसतं. “हे ऐकून आत्याबाई इतक्या हसल्या,” ती म्हणाली, “की मला पाणी पाजावं लागलं.”

माझ्या आईला शेवट मिळाला, तो बायकोनं दिला. मी ते पुस्तक कुलपात ठेवून बसलो होतो, तेव्हा.

लसूण सोलून झाला. तिनं ताट उचललं आणि उठता उठता विचारलं, “पण नेलं का होतं तुम्ही?”

खरं उत्तर देण्याची ती वेळ होती. आमच्या दोघांशिवाय घरात कुणी नव्हतं. तिनं आवाज चढवला नव्हता. मला वाटतं, मी जे बोललो असतो ते तिनं ऐकून घेतलं असतं.

मी म्हणालो, “वाचायला.”

“बरं,” ती म्हणाली.

जुन्या कादंबऱ्यांमधल्या त्या सोशीक बायकांवर मी पूर्वी फार बोलायचो, म्हणजे इतर कुणाशी नाही, मनाशी. निष्ठा म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकावं, वगैरे. लेखक त्या बाईच्या मनात काय चाललंय ते पानंच्या पानं सांगतो, म्हणून आपल्याला तिची खात्री वाटते. माझ्या घरातल्या बाईचं मन कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, ते विचारावं लागलं असतं. तिनं माझी चोरी आपल्या नावावर घेतली आणि राहिली. का राहिली, हे मी सांगू शकत नाही. प्रेमानं असेल. मुलीसाठी असेल. आईला शब्द दिला असेल. आईसारखंच, जागा नव्हती म्हणूनही असेल. पूर्वी मी तिच्यावर संशय घेत होतो, आता तिच्या राहण्यावर घेतो. डब्यात पोळ्यांच्या घडीवर ठेवलेली लोणच्याची फोड बघून मला प्रश्न पडतो, ही कशासाठी ठेवली असेल. ही खोड बहुधा जायची नाही.

ती आता कादंबऱ्या आणत नाही. मोबाईलवर रेसिपी बघते. मी एकदा म्हणालो, वर्गणी पुन्हा भरू का. ती म्हणाली, “कशाला? कोण ऐकणार?”

ग्रंथपाल तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो. मागच्या वर्षी मुलीच्या कागदपत्रांच्या प्रती काढायच्या होत्या, तेव्हा मी तिला आत पाठवलं आणि रस्त्याच्या पलीकडे उसाच्या रसाच्या गाडीशी उभा राहिलो. परत येऊन ती म्हणाली, “बाबा, किती चांगले काका आहेत. माझा निकाल फाटला होता, त्यांनी चिकटवून दिला. आडनाव वाचलं तर विचारत होते, आई वाचते का अजून.”

“तू काय सांगितलंस?”

“नाही म्हणाले.”

कादंबरी अजून माझ्या कपाटात आहे. ती वाचनालयाला परत केली की सगळं फिटलं असं मला वाटून जातं, म्हणून ती मी मुद्दाम परत केलेली नाही. पुस्तक परत करणं सोपं आहे. माझ्यावर दोन गोष्टी बाकी आहेत. त्या माणसाला घेऊन अण्णांच्या पुढ्यात उभं राहायचं आणि, मी बोललो ते खोटं होतं, असं म्हणायचं. आणि बायकोनं जो प्रश्न विचारला होता, पुस्तक का नेलं, त्याचं खरं उत्तर तिला तोंडानं द्यायचं. हे लिहून झालं, पण लिहिलेलं मी तिला अजून दाखवलेलं नाही. दोन्ही देणी तशीच आहेत.